ज्ञान आणि राज्यकारभार यांचा सांधा जोडणारे बाबासाहेब



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्यापैकी कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी हे सारे आपल्या लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. जयंतीच्या भाषणांत आणि कव्वालीच्या सामन्यांत ते गाजते, आणि गाजलेच पाहिजे. पण या चरित्राची एक बाजू अशी आहे की तिच्यावर कोणी गाणे रचत नाही. ती बाजू आकड्यांची, अहवालांची आणि कमिट्यांची आहे. विद्यापीठात बसून शोध घेणारा माणूस आणि सरकारात बसून निर्णय घेणारा माणूस यांची गाठ कशी घालावी, हे बाबासाहेबांनी आयुष्यभर करून दाखवलं. पहिली काही वर्षे ते अभ्यासकाच्या बाकावर होते आणि पुढे निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत बसले. दोन्ही बाजू पाहिलेला असा माणूस विरळा.

आम्ही गिरणीत काम करणारी माणसे. आम्हाला या बाजूचे महत्त्व पुस्तकातून नव्हे, तर आमच्या खिशातल्या ई.एस.आय.च्या कार्डावरून आणि आठ तासांच्या पाळीवरून कळले. ही दोन्ही आपोआप आलेली नाहीत. त्यांच्यामागे चळवळ आहे, मोर्चे आहेत, तसेच कोणीतरी दिव्याखाली बसून केलेला अभ्यासही आहे. आज आपल्या वस्त्यांतली मुले-मुली एम.ए., पीएच.डी. करतात. त्यांचे प्रबंध सोनेरी अक्षरांत बांधून विद्यापीठाच्या कपाटात जातात आणि तिथेच राहतात. इकडे मंत्रालयात निर्णय होतात, त्यांना त्या प्रबंधांचा पत्ता नसतो. ही दरी कशी बुजवायची, हे बाबासाहेबांच्या चरित्रात शोधावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बडोद्याचा धडा

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली ते बी.ए. झाले. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करायची अशी अट होती.

या कराराकडे नीट पाहा. राज्य चालवणाऱ्या माणसाने एका हुशार विद्यार्थ्यावर पैसा लावला, तो याच हिशेबाने की उद्या याची विद्या राज्याच्या कामी यावी. सत्ता आणि विद्या यांच्यातला बाबासाहेबांच्या आयुष्यातला हा पहिला सौदा. महाराजांची नियत साफ होती. पण १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर झाले तेव्हा काय घडले ते आपण जाणतो. कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकू लागले. राहायला घर मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. राजाला विद्वान हवा होता, पण राजाच्या कचेरीला तो नको होता. वरचा माणूस राजी असून भागत नाही, मधली सगळी उतरंड राजी असावी लागते, हा धडा बाबासाहेबांना पंचविशी ओलांडताना मिळाला. महाराजांचे उपकार मात्र ते विसरले नाहीत. पुढे छापलेला आपला पीएच.डी.चा प्रबंध त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला.

त्या प्रबंधाचा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची वाढ हा होता. १८३३ पासून १९२१ पर्यंत सरकारी तिजोरीची सूत्रे वरच्या सरकारच्या हाती कशी राहिली आणि प्रांतांना त्यातून काय व किती मिळाले, याचा तो हिशेब. कोलंबियातले त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. त्या वेळचे जाणते लोक म्हणत होते की तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी मांडले की नुसते तुकडे जोडून काही होणार नाही. जमिनीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी हे खरे दुखणे आहे, म्हणून कारखानदारी वाढवून तो भार उतरवला पाहिजे. सरकारने औषध देण्याआधी रोग नीट ओळखावा, ही त्यांची पहिल्यापासूनची शिस्त.

रुपयाचा प्रश्न आणि शाही कमिशन

मधल्या काळात सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून आणि पैसे साठवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला. परीक्षकांना त्यातली काही मांडणी रुचली नाही. ती दुरुस्त करून त्यांनी प्रबंध पुन्हा दिला आणि १९२३ साली तो मान्य होऊन त्याचे पुस्तक झाले.

रुपयाचा प्रश्न ऐकला की आपल्यासारख्याला वाटते, हा शेठ-सावकारांचा विषय. पण बाबासाहेबांनी त्यात मजूर शोधून काढला. परदेशी पैशाच्या तुलनेत रुपया उतरला की माल बाहेर विकणाऱ्याला फायदा होतो, असे व्यापारी म्हणत. तो फायदा येतो कुठून? रुपया उतरला की देशात महागाई वाढते, आणि मजुरी मात्र महागाईच्या मागे रखडत चालते. म्हणजे मालकाचा फायदा मजुराच्या ताटातून येतो. हे त्यांनी आकड्यांनी मांडले.

१९२५ साली हिंदी चलनाच्या चौकशीसाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही कमिशन नेमले गेले. त्याच्यापुढे बाबासाहेबांनी लेखी निवेदन दिले आणि तोंडी साक्षही दिली. त्या वेळी ते परळच्या बी.आय.टी. चाळीत राहणारे, नुकतीच वकिली सुरू केलेले चौतीस वर्षांचे तरुण होते. समोर साहेब लोक, उलटतपासणी कडक. पण विषय त्यांच्या हाडामांसात मुरलेला होता.

आपल्याकडचे काही वक्ते उत्साहाच्या भरात रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली असे ठोकून देतात. तसे म्हणण्याची गरज नाही, आणि बाबासाहेबांना ते आवडलेही नसते. खरी हकिकत अशी की त्या वेळच्या सुवर्ण-विनिमय पद्धतीतले दोष त्यांनी कठोरपणे दाखवले होते आणि कमिशननेही ती पद्धत नाकारली. मात्र तिच्या जागी काय आणावे याबाबत कमिशनची वाट वेगळी होती. मध्यवर्ती बँकेची शिफारस कमिशनने १९२६ साली केली, तिचा कायदा १९३४ साली झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक उघडली. अभ्यासकाचे म्हणणे सरकार कधी जसेच्या तसे उचलत नाही. काही घेते, काही टाकते, आणि त्यालाही दहा-दहा वर्षे जातात. म्हणून निराश होणाऱ्याने या कामात पडू नये.

सरकारचेच आकडे सरकारपुढे

१९२७ सालापासून बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून बसू लागले. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर त्यांचे भाषण झाले. ते प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावे. त्यात आरडाओरड नाही. त्यांनी शिक्षण खात्याचाच अहवाल हातात घेतला आणि लोकांची जी चार गटांत वाटणी खात्याने केली होती तीच पुढे ठेवली : पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधले वर्ग आणि मागासवर्ग.

प्राथमिक शाळेत हजारी लोकसंख्येमागे पुढारलेल्यांची मुले ११९, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गांची ३८ आणि मागासवर्गाची १८. दुय्यम शिक्षणात लाखामागे अनुक्रमे ३,०००, ५००, १४० आणि १४. कॉलेजात दोन लाखांमागे पुढारलेले १,०००, मुसलमान ५२, मधले वर्ग १४ आणि मागासवर्ग जवळजवळ शून्य. लोकसंख्येत मागासवर्गाचा नंबर दुसरा, पुढारलेल्यांचा चौथा. शिक्षणात पुढारलेले पहिले आणि मागासवर्ग शेवटचा. त्यांनी आणखी दाखवले की शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरांच्या गर्दीत मिसळतात. आणि सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते, पण दारूच्या करातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. यावर अर्थमंत्री काय बोलणार? आकडे त्यांच्याच दप्तरातले होते.

बांधवांनो, तारीख ध्यानात घ्या. १२ मार्चला कौन्सिलात हे आकडे मांडले आणि २० मार्चला महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मध्ये फक्त आठ दिवस. ज्यांना वाटते की अभ्यास करणाऱ्याने रस्त्यावर येऊ नये आणि रस्त्यावर लढणाऱ्याला आकड्यांची गरज नाही, त्यांनी हा मार्च महिना आठवावा. रस्त्यावरचा रेटा नसेल तर अहवाल कोणी उघडत नाही, आणि अहवाल नसेल तर सरकार मोर्च्याला आश्वासन देऊन घरी पाठवते.

चाळीसगावचा टांगा

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली. तिच्यावर डॉ. सोळंकी, ठक्करबाप्पा आणि बाबासाहेब होते. कमिटी जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडली. १९२९ साली खानदेशातले काम आटोपून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या फाट्यावरल्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार घातला होता आणि त्याची चौकशी त्यांना स्वतः करायची होती. ती करून ते चाळीसगावला परत आले.

स्टेशनवरून त्यांना वस्तीत न्यायला टांगा हवा होता. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन जायला तयार होईना. शेवटी आपल्या माणसांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसला. त्याला हाकायची सवय नव्हती. नदीवरल्या मोरीवर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत गेला. पायाचे हाड मोडले. सरकारी कमिटीचा सभासद, दोन परदेशी विद्यापीठांत शिकलेला बॅरिस्टर, आणि त्याला शहरातला टांगा मिळत नाही! ज्या रोगाची चौकशी करायला निघाले होते, तोच त्यांना वाटेत आडवा आला.

या कमिटीने १९३० साली अहवाल दिला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, सरकारी नोकरीत प्रवेश अशा शिफारशी तिने केल्या आणि त्यातूनच पुढे मुंबई इलाख्यात मागासवर्गीयांसाठी वेगळे सरकारी खाते निघाले. ज्या वसतिगृहांत राहून आपल्या आधीची पिढी शिकली, त्यांची वाट या कागदांतून गेलेली आहे.

इथे एक गोष्ट आम्हा गिरणीवाल्यांना विशेष जवळची वाटते. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचाखात्यात, म्हणजे विणकामात घेत नसत. पगार तिथेच जास्त होता. कारण काय? कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, मग आमच्या थुंकीने बाकीच्यांना विटाळ! ही गोष्ट सरकारच्या कुठल्या वार्षिक तक्त्यात येत नव्हती. ती माहीत होती फक्त खात्यातल्या कामगाराला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की साचाखात्याचे दार उघडण्याची मागणी यादीत आली पाहिजे. म्हणजे ज्ञान दोन ठिकाणी असते, एक ग्रंथालयात आणि दुसरे भोगणाऱ्याच्या अंगावर. बाबासाहेबांनी दुसऱ्याला कधी कमी लेखले नाही.

खुर्ची मिळाल्यावर

१९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ साली खोती बंद करण्याचे विधेयक, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप, ही वर्षे लढ्याची गेली. मग जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आजवर सरकारपुढे साक्ष देणारा माणूस आता साक्षी मागवणाऱ्या जागेवर बसला. खुर्ची मिळाली की पुष्कळांची पुस्तके मिटतात. बाबासाहेबांनी उलट केले. त्यांनी अभ्यासकांना कामाला लावले.

ऑगस्ट १९४२ मध्येच मालक, कामगार आणि सरकार या तिघांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद दिल्लीत भरली. असे बोलावणे रीतसर, ठरावीक मुदतीने होऊ लागले. पण परिषदेत बोलायचे कशाच्या आधारावर? कोणत्या धंद्यात मजुरी किती, घरे कशी, कर्ज किती याची भरवशाची माहितीच देशात नव्हती. म्हणून १९४४ साली द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली. रेगे हे सनदी अधिकारी, तर सभासदांत अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणारे लोक. त्यांनी नुसती प्रश्नपत्रिका मालकांना पाठवून उत्तरांची वाट पाहिली नाही. तपासनीस प्रत्यक्ष जागेवर धाडले. तीसहून जास्त उद्योगांची अशी पाहणी होऊन १९४६ साली मुख्य अहवाल आला. पुढच्या कामगार कायद्यांना ही माहिती पायाच्या दगडासारखी उपयोगी पडली.

बाबासाहेब स्वतःही जागेवर गेले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणींत खाली उतरले, खाणकामगारांच्या वस्त्या पाहिल्या आणि जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. पाहणी आणि निर्णय यांत दोन महिनेही गेले नाहीत.

आता ई.एस.आय.ची गोष्ट. १९४३ साली मजूर खात्याने अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्यावर एक काम सोपवले : औद्योगिक कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याची योजना तयार करा. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू हे तीन मोठे उद्योग त्यांना अभ्यासाला दिले. कामगार आजारी पडला की त्याच्यावर दुहेरी मार बसतो, पगार बंद होतो आणि औषधाचा खर्च सुरू होतो. त्यावर उपाय असा की कामगार आणि मालक दोघांच्याही वर्गणीतून एक निधी उभा करायचा, त्यातून उपचार आणि आजारपणातले पैसे द्यायचे. हे बोलायला सोपे, पण वर्गणी किती, दिवस किती, डॉक्टर कोणाचे, हा सगळा हिशेब कोणीतरी बसवावा लागतो. तो आडारकरांनी बसवला आणि १९४४ साली अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव या दोन तज्ज्ञांनी १९४५ साली तो तपासला. पुढे स्वतंत्र भारतात १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली.

पाहा, प्राध्यापकाने योजना लिहिली, मंत्र्याच्या खात्याने ती मागवली, बाहेरच्या जाणकारांनी तपासली, संसदेने कायदा केला आणि आज गिरणी कामगाराची बायको त्या कार्डावर बाळंत होते. या साखळीतली एक कडी जरी निसटली असती तरी अहवाल कपाटात गेला असता. आठ तासांचेही तसेच. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास होते. त्रिपक्षीय परिषदेत चर्चा होऊन बाबासाहेबांनी विधेयक आणले आणि १९४६ साली ते ४८ झाले.

दामोदर नदी आणि मेघनाद साहा

मजूर खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते. जुलै १९४३ मध्ये बंगालात दामोदर नदीला महापूर आला, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटला. बंगाल सरकारने १९४४ साली बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्यात कलकत्ता विद्यापीठातले जगप्रसिद्ध पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. साहा हे ढाक्याकडच्या एका खेड्यातल्या गरीब दुकानदाराचे पोर. विद्यार्थिदशेत वसतिगृहात त्यांनाही जातीवरून वेगळे बसावे लागले होते. ताऱ्यांचा अभ्यास करणारा हा माणूस नद्यांचाही अभ्यास करीत होता, कारण उत्तर बंगालचा १९२२ चा पूर त्याने मदतकार्यात डोळ्यांनी पाहिला होता. १९३५ साली सुरू केलेल्या आपल्या मासिकातून ते सांगत होते की नुसते बांध घालून पूर थांबत नाही. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखी सबंध नदीची योजना करावी, म्हणजे पूर आवरेल, पाणी मिळेल, वीजही होईल.

बाबासाहेबांच्या खात्याने हाच विचार पुढे नेला. टेनेसीचे अनुभवी इंजिनिअर व्हुर्डुइन यांना बोलावले गेले. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली केंद्र, बंगाल आणि बिहार यांची बैठक झाली, आणि ऑगस्टमध्ये दुसरी. एका प्रांतात धरण आणि दुसऱ्या प्रांतात फायदा, म्हणून भांडण ठरलेलेच. तिन्ही सरकारांना एका आराखड्यावर आणणे हे मंत्र्याचे काम होते, आराखडा तयार करणे हे जाणकारांचे. कोणी कोणाच्या कामात लुडबूड केली नाही. एप्रिल १९४५ मध्ये अशा कामासाठी ए. एन. खोसला यांच्या प्रमुखपदाखाली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगही उभा राहिला. म्हणजे जाणकार एकदाच बोलावून विसरायचा नाही, तर त्याला सरकारात कायमची जागा द्यायची. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

खरे सांगायचे तर मूळ आराखड्यातली सगळी धरणे झाली नाहीत. महामंडळाने तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार बांधली. आणि धरणाखाली ज्यांची गावे गेली त्यांत आदिवासी पुष्कळ होते, त्यांच्या पुनर्वसनाची रड पुढे अनेक वर्षे राहिली. शास्त्रज्ञ, इंजिनिअर आणि तीन सरकारे एका टेबलाशी आली, पण बुडणारा माणूस त्या टेबलाशी नव्हता. चौथी खुर्ची रिकामी राहिली की काय होते ते यावरून शिकावे.

घटनेत घातलेली सोय

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटनेच्या २८० व्या कलमात दर पाच वर्षांनी किंवा त्याआधी वित्त आयोग नेमण्याची तरतूद आहे. केंद्राने प्रांतांना काय द्यावे हे मर्जीवर न ठेवता त्याचा अभ्यास व्हावा, हा त्यामागचा अर्थ. तीस वर्षांपूर्वी विद्यार्थी असताना ज्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला तोच हा प्रश्न. ३४० व्या कलमात मागासवर्गांच्या स्थितीचा शोध घेण्यासाठी आयोग नेमण्याची सोय आहे. आधी शोध, मग निर्णय, हे तत्त्व घटनेतच बसले.

पण कलम लिहिले म्हणजे काम झाले असे नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे त्याचे एक कारण आपण सांगतो. त्याबरोबर त्यांच्या निवेदनात आणखी दोन गोष्टी होत्या. मागासवर्गांचा आयोग नेमलाच गेला नव्हता. आणि अर्थशास्त्र हा त्यांचा जन्माचा विषय असूनही नियोजन किंवा आर्थिक धोरणाच्या कामात त्यांना घेतले गेले नाही. ज्याने रुपयाचे कोडे सोडवले त्याला तिजोरीच्या खोलीबाहेर बसवले! बडोद्यात १९१७ साली जे शिपायांनी केले, तेच दिल्लीत जरा सभ्य रीतीने झाले, असे आम्हाला वाटते.

म्हणून शेवटच्या वर्षांत ते माणसे घडवण्याकडे वळले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू झाले होते. १९५६ साली त्यांनी मुंबईत राजकारणात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालयही सुरू केले. कायदे करायला जाणाऱ्याने आधी अभ्यास करून जावे, ही तळमळ. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपण काय करायचे

धम्मात एक कथा आहे. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींवर स्वारी करायची होती. त्याने आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूटावर भगवंतांचा विचार घ्यायला पाठवले. भगवंतांनी आनंदाला विचारत विचारत सात गोष्टी उलगडल्या. वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकमताने कामे करतात, वडीलधाऱ्यांचा मान राखतात, स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत, असे जोवर आहे तोवर त्यांचा ऱ्हास नाही. वस्सकाराने ते ऐकले आणि उलटाच बोध घेतला, की युद्धाने जमणार नाही, मग यांच्यात फूट पाडली पाहिजे. सत्तेला ज्ञान दिले म्हणजे ती त्याचा चांगलाच उपयोग करील असे नाही. ज्यांच्याविषयी ते ज्ञान आहे ते लोक जागे आणि संघटित असावे लागतात. बाबासाहेब कमिशनपुढे एकटे गेले, पण त्यांच्यामागे बहिष्कृत समाज उभा होता, म्हणून त्यांचे निवेदन कोणाला सहज उलटे वापरता आले नाही.

आमचे विहार समितीला आणि तरुणांना चार शब्द सांगणे आहे. आपल्या वस्तीतला जो कोणी प्रबंध लिहील त्याने त्यातले सार दोन पानांत, आईला वाचून दाखवता येईल अशा मराठीत लिहून विहाराच्या वाचनालयात ठेवावे. वर्षातून एकदा तो अभ्यासक, ज्याच्यावर अभ्यास केला ते लोक आणि ज्याच्या सहीने निर्णय होतो तो अधिकारी किंवा लोकप्रतिनिधी यांना विहारात एका सतरंजीवर बसवावे. अधिकाऱ्याला शिव्या देण्यासाठी नव्हे, तर त्याला कोणती माहिती हवी आहे ते विचारण्यासाठी. कारण पुष्कळदा त्यालाही माहिती नसते आणि ती मागायची कुणाकडे हेही ठाऊक नसते. सरकारी आकडे हवे असतील तर २००५ चा माहिती अधिकार कायदा हाती आहे, बाबासाहेबांना तेवढीही सोय नव्हती. आणि जे आकड्यात येत नाहीत, ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे, ज्यांचे नाव कारखान्याच्या हजेरीबुकात नाही आणि म्हणून ज्यांना ई.एस.आय.चे कार्डही नाही, त्यांची मोजणी आपणच दारोदार हिंडून करावी. शंभर घरांची खरी मोजणी हजार घोषणांना भारी पडते.

सरकारने लगेच ऐकले नाही म्हणून थांबू नये. आडारकरांचा अहवाल १९४४ चा, योजना १९५२ ची. वित्त आयोगाची कल्पना विद्यार्थ्याच्या वहीतून घटनेत यायला तीस वर्षे गेली. झाडाची सावली लावणाऱ्याला मिळतेच असे नाही, पण म्हणून बाबासाहेबांनी लावणे थांबवले नाही. विहाराची वास्तू आपण वर्गणी काढून विटेवर वीट ठेवून उभी केली. तिच्यात आता अभ्यासाचीही एक वीट बसवू या.

नमो बुद्धाय! जयभीम!